मोरेश्वरपंतांनी न पाहता निशाण उभारिले त्याची बखर

श्रीबुद्धिदाता समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष वद्य अष्टमी, रविवार, ते दिवशी एके राज्यी शाळकरी मुलांच्या रोबोटांचा संग्राम जाहला, त्याची हकिकत येणेप्रमाणे. राज्यात मोरेश्वरपंत लिमये म्हणोन गृहस्थ होते. पाणीखात्याच्या चाकरीतून मोकळे होऊन दोन वर्षे घरी बसले, आणि बसोन बसोन कुटुंबाच्या फोडणीतही चुका काढू लागले. मग बाईंनी हात जोडोन सांगितले, "अहो, कुठेतरी पंच म्हणून जा. घरात किती निकाल देणार?" मग पंतांनी बिनपगारी पंचगिरी पत्करिली, पट्टेरी सदरा ल्याले आणि सकाळीच मंडपी दाखल जाहले. मुलांनी महिनेन् महिने खपोन रोबोट सिद्ध केले होते. ते चेंडू उचलीत, टोपलीत टाकीत, उतरण चढत, आणि मध्येच रुसोन बसत. अखेरीस तांबडे आणि निळे ऐसे दोन पक्ष उरले. जिंकेल तो राजधानीस जाणार. शेवटच्या डावात गुण बरोबरीस आले, आणि वेळ सरत आली तों निळ्यांचा रोबोट उतरण चढू लागला. नियम ऐसा की चढत्यास परक्याने शिवू नये. तांबड्यांचा रोबोट जवळून गेला, लोकांत "शिवला, शिवला" ऐसा एकच गलका उठला, आणि पंतांनी निशाण उभारिले. तांबड्यांचे गुण कापले, निळे जिंकले, ढोल वाजले.

मग तांबड्यांचे मास्तर तावातावाने धावले. परंतु तेथील रिवाज ऐसा की निकालाची शंका आखल्या चौकटीत उभे राहोन मुलांपैकीच एकाने पुसावी, वडीलधाऱ्यांनी तोंड घालू नये. मास्तर माघारे गेले आणि कस्तुरी नामे मुलगी चौकटीत आली. म्हणाली, "पंचकाका, आमचा रोबोट त्यांना लागलेला तुम्ही स्वतः पाहिलात का?" रोबोट जवळून गेला ते समयी पंतांची नजर घड्याळावर होती. होय म्हणावे तर विषय मिटतो. नाही म्हणावे तर चारचौघांत अब्रू जाते, आणि पुन्हा कोणी बोलावणार नाही. पंत बोलते जाहले, "नाही गं बाळा. लोक ओरडले आणि माझा हात वर गेला. चूक माझी." मुख्य पंचांनी निशाण रद्द केले, तांबडे जिंकले, आणि निळ्यांच्या गोटात रडारड जाहली. मग निळ्यांचा नायक अझहर मुजावर डोळे पुसत चौकटीत उभा राहिला. आता हा भांडणार, ऐसे जाणोन पंतांनी मान खाली घातली. तो म्हणाला, "काका, तक्रार नाही. त्यांचा रोबोट लागलाच नव्हता. मी शेजारीच होतो, पण ढोल वाजायला लागले आणि माझ्याच्यानं बोलवेना. तुम्ही बोललात, मी सुटलो." पंतांस गहिवर आवरेना. त्यांनी पोराच्या पाठीवरोन हात फिरविला, आणि मुख्य पंचांनी पुढल्या सालचे बोलावणे तेथेच दिले.

येणेप्रमाणे तांबडे राजधानीस गेले, निळे घरी गेले. पंतही घरी येऊन बाईंस म्हणाले, "तू पाठवलंस, फार उपकार झाले." एवढ्या वर्षांत हा शब्द बाईंनी प्रथमच ऐकिला. त्या मुलांस ईश्वरे उदंड आयुष्य द्यावे. इति.