चव घेण्याची ड्यूटी

"पगार पुरत नाही म्हणजे काय? माझ्याकडे बघा आणि शिका!" असं म्हणत खजिनदारानं बुटाचा ब्रश राजदंडासारखा उंच धरला, आणि बराकीतल्या तमाम मंडळींनी आपापल्या उशा त्याच्या दिशेनं फेकल्या.

खजिनदार हे काही त्याचं पद नव्हतं. सैनिकी प्रबोधिनीतला तो एक साधा कॅडेट, शेवटच्या सत्रातला. पण पगाराच्या दिवशी कँटीनकडे धावणाऱ्या पोरांना वाटेत अडवून बचतीवर फुकट व्याख्यान द्यायची त्याला खोड होती, म्हणून हे नाव चिकटलेलं. व्याख्यात्याच्या स्वतःच्या खिशात काय असायचं, ते न विचारलेलं बरं! कॅडेटचा पगार म्हणजे बर्फाची लादी. पगार-कार्यालयातून बराकीपर्यंत येताना निम्मी वितळून जायची. न्हाव्याची कपात, धोब्याची कपात, फुटलेल्या काचेची कपात, आणि काच कुणी फोडली हे कुणीच सांगितलं नाही म्हणून सगळ्यांची मिळून आणखी एक कपात! उरल्या पैशांत महिना काढायचा म्हणजे हातरुमालात हत्ती बांधायचा.

या खेपेला मात्र त्याला पैसे हवेच होते. घरात माणसं दोनच, तो आणि आई. आई शिवणकाम करायची. मागच्या सुट्टीत तिच्या मशीनशेजारी उभं राहून या पठ्ठ्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, "आई, माझ्या दीक्षान्त परेडला तू यायचंस! तिकीट माझं, गेस्ट हाउसची खोली माझी. मैदानाकडे खिडकी असलेली! तू पर्सला हातसुद्धा लावायचा नाहीस."

आई दातानं दोरा तोडत म्हणाली, "बरं. गाडीत खाण्यापुरते तरी आणू का?"

"नाही म्हणजे नाही!"

शब्द देताना पैसे पडत नाहीत, ही त्यातली मोठीच सोय.

पुढं सत्र सरत आलं, परेडच्या तालमी सुरू झाल्या, आणि गेस्ट हाउसची आगाऊ रक्कम भरायची वेळ झाली तेव्हा खजिनदाराच्या खजिन्यात निघाली दोन सुटी बटणं आणि दाढीचं एक पातं. मग त्यानं नियमांचं पुस्तक काढलं. त्यात जेवणभत्ता सापडला!

कॅडेटला पगाराबरोबर जेवणभत्ता मिळे, पण तो परस्पर मेसला जाई. कुणी अर्ज करून आपली मेस बंद ठेवली, तर तेवढ्या दिवसांचा भत्ता रोख हातात. त्यात तिकिटाचे आणि खोलीचे पैसे आरामात सुटत होते.

"आणि खाशील काय?" शेजारच्या कॉटवरच्या उंटानं विचारलं. हा त्याचा जिवलग. मान लांब, चाल डुलती, आणि शंका काढायची सवय. "मैदानावरचं गवत?"

"चव-ड्यूटी!" खजिनदार कुजबुजला.

ही चव-ड्यूटी म्हणजे प्रबोधिनीतली जुनी पद्धत. मेसमध्ये पंगत बसायच्या आधी एका कॅडेटनं पूर्ण गणवेश, ताठ कॉलर आणि पांढरे हातमोजे अशा थाटात भटारखान्यात जायचं, प्रत्येक पदार्थाची चव घ्यायची आणि "जेवण योग्य आहे" असं मोठ्यानं जाहीर करायचं. चुलींच्या धगीत त्या गणवेशात माणूस उकडल्या बटाट्यासारखा व्हायचा. त्यामुळे जो तो चमचा बुडवून, "योग्य आहे" ओरडून पळ काढायचा. आपली पाळी दुसऱ्यावर ढकलण्यासाठी पोरं एकमेकांचे बूट पुसायची!

"नियमात लिहिलंय, चव घ्यावी," खजिनदार म्हणाला. "किती घ्यावी, ते कुठाय?"

"अरे, पण ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? मी सर्वांच्या पाळ्या घेतोय. ही देशसेवा झाली!"

अर्जात 'कारण' या रकान्यात त्यानं 'खासगी' असं लिहिलं, सही ठोकली, आणि दुसऱ्या दिवसापासून पांढरे हातमोजे चढवून देशसेवा सुरू केली.

सुरुवात दृष्ट लागण्यासारखी झाली. पोरं तर हात जोडून पाळ्या देऊ लागली. भटारखान्यातले आचारीकाका, जाडजूड भुवयांचा गंभीर माणूस, पहिल्या दिवशी थक्क होऊन बघतच राहिले. या कॅडेटनं सुपाची वाटी तळ दिसेपर्यंत तपासली. बटाट्याची चव एका बटाट्यावरून कळत नाही, म्हणून चार तपासले. पाव वरून चांगला असला तरी आतून कसा आहे, हे पाहणं आलंच.

"आयुष्य गेलं माझं या चुलीपुढं," काका झारा खाली ठेवून म्हणाले. "एवढ्या आस्थेनं कुणी माझ्या हातचं तपासलं नव्हतं, साहेब!"

"कस्टर्ड राहिलं," साहेब म्हणाले.

आता खजिनदारानं इथंच थांबायचं होतं. पण प्रबोधिनीत मेस होत्या दोन. टेकडीवरची वरची, आणि मैदानाकडची खालची. वरच्या मेसची पोरं धावत आली. "खजिनदार, तू त्यांची ड्यूटी घेतोस, मग आमची का नाही? आम्ही काय सावत्र?" नकार द्यावा तर लगेच संशय यायचा. त्यानं जड मनानं होकार दिला. पोट पुढं जड व्हायचंच होतं!

वरच्या मेसचे आचारी अंगानं किरकोळ, पण तोंडानं तिखट. खालच्या आचाऱ्यांशी त्यांचा जुना उभा दावा.

"खाली काय होतं आज?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"कोंबडी."

"किती घेतलीत?"

"दोन तुकडे."

"मग इथं तीन घ्या! आणि मग खरं सांगा, कुणाची सरस?"

झालं! दोन्ही भटारखान्यांत युद्ध पेटलं, आणि रणभूमी झालं खजिनदाराचं पोट. वर तीन अंडी खाल्ली की खाली चार समोर यायची. खाली सूप दोनदा घेतलं की वरचे आचारी डोळ्यांत पाणी आणून विचारायचे, "माझ्या सुपात काय वावगं आहे, साहेब?" सकाळी खाली नाश्ता, मग टेकडी चढून वर नाश्ता. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. टेकडी चढताना त्याला धाप लागायची, उतरताना भीती वाटायची की पाय घसरला तर आपण थेट गडगडत पगार-कार्यालयापर्यंत जाऊ!

"थांबव आता हे," उंट म्हणाला. कारण रात्री खजिनदार कुशीवर वळला की दोघांच्याही कॉटा हलायच्या.

"महिना भरू दे. आईच्या खिडकीचा प्रश्न आहे."

इकडं भलतंच काही शिजत होतं. पगार-कार्यालयातल्या कारकुनानं मेस बंद असलेल्यांची यादी कॅप्टनसाहेबांपुढं ठेवली. यादीत नाव एकच. या कॅप्टनसाहेबांना पोरं मागून 'तोफ' म्हणत. आवाज तसाच होता. त्यांनी उंटाला बोलावलं.

"हा जेवत का नाही?" तोफ धडाडली.

खोटं बोलावं तर शिक्षा, खरं बोलावं तर मित्र गोत्यात. उंट मान खाली घालून पुटपुटला, "सर, आईसाठी करतोय तो."

शब्द न् शब्द खरा होता! पण तोफेच्या छातीत तो नको तिथं रुतला. "आईसाठी? उपाशी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि वर सगळ्यांच्या ड्यूट्या करतो? भरल्या ताटांपुढं उभा राहतो आणि चमच्याच्या पुढं जात नाही? अरे, पोरगा आहे का कोण!"

नेमकी त्याच आठवड्यात परेडपूर्व तपासणी होती. खजिनदार काट्यावर चढला, आणि काटा असा पळाला की जणू त्याची गाडी चुकत होती. डॉक्टर मॅडमनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या कागदाकडे.

"महिनाभर मेस बंद?"

"हो, मॅडम."

"मग वजन वाढलं कसं?"

"मॅडम... इथली हवा मानवलीय."

मॅडमनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथं छान खळगा पडला. त्यांचा चेहरा पडला. "ही सूज आहे! फार दिवस पोटात अन्न नसलं की अंगावर अशी सूज येते. ताबडतोब भरती करा याला!"

"मॅडम, ती सूज नाही हो, ते..."

"बोलू नकोस. अशक्तपणा येईल."

त्याला स्ट्रेचरवर घातलं. चौघांनी उचललं, आणि चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. उपासमारीचा रुग्ण इतका वजनदार कसा, हे त्यांनी विचारलं नाही. लष्करात प्रश्न विचारायचे नसतात. इस्पितळात त्याच्यापुढं पेजेची वाटी आली. आरपार दिसणारी! आणि भिंतीवर नियम लावलेला : भरती रुग्णाचा जेवणभत्ता इस्पितळात जमा होईल. खजिनदारानं डोळे मिटले. मॅडमना वाटलं, ग्लानी आली.

तोवर तोफेनं आईला फोनही केला होता. "बाई, तुमच्या मुलासारखा मुलगा लाखात एक! तुमच्यासाठी त्यानं अन्न सोडलंय हो!"

आई मिळेल त्या गाडीनं निघाली. हातातलं शिवण तसंच सोडून, साठवलेले पैसे पर्समध्ये कोंबून, कोपराला डबे अडकवून ती दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात उभी राहिली. पलंगाशी कॅप्टन, डॉक्टर, आणि गुन्हेगारासारखा उंट. सगळे बाजूला सरले. आईच्या आसवांना वाट करून दिली.

आईनं लेकाकडे पाहिलं. मग आणखी जवळ जाऊन पाहिलं. हनुवटीखाली बोट घालून चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला.

"हा उपाशी आहे?"

"महिनाभर, बाई," तोफ कातर झाली.

"अहो साहेब, पाळण्यात होता तेव्हाच फक्त इतके गाल होते याचे! पोटात भूक असली की हा झोपेत ओठ हलवतो. तान्हा असल्यापासून. आत्ता मी दारातून पाहिलं, तोंड उघडं टाकून घोरत होता. मेलं, काय झालं असेल माझ्या पोराला, म्हणून मी रस्ताभर..." आणि मग मात्र ती खरंच रडली. खजिनदाराला वाटलं, यापेक्षा सूज बरी होती.

"आई, ऐक ना..." त्यानं सुरुवात केली, पण पुढचं सांगायची गरज पडली नाही. दोन्ही दारांतून दोन आचारी आत आले. हातात झाकलेली पातेली!

"साहेब, तुम्ही गेलात आणि काल माझं मीठ चुकलं!" खालचे ओरडले. "तुम्ही चार वाट्या सूप प्यायल्याशिवाय मला अंदाजच येत नाही!"

"चार?" वरचे भडकले. "माझ्याकडं तर कधी तीनच्या वर गेले नाहीत! हीच का तुमची तटस्थता, साहेब?"

वॉर्डात टाचणी पडली असती तर तोफेसारखी वाजली असती. खरी तोफ मात्र गप्प होती. तिचा रंग खालून वर चढत चालला होता, आणि तो कानापर्यंत पोहोचल्यावर काय होणार, हे उंटाला ठाऊक असल्यानं त्यानं आधीच कानात बोटं घातली.

जे व्हायचं ते झालं. मेस बंदचा भत्ता रद्द. शिवाय जेवण दोन मेसमध्ये, म्हणून कापला दोन मेसचा भत्ता! डॉक्टर मॅडमनी स्वतःच्या फजितीचा वचपा म्हणून परेडपर्यंत इस्पितळाचं पथ्य लावलं : पेज, उकडलेली भाजी आणि मैदानाला फेऱ्या. उंटावर चव-ड्यूटी कायमची बसली. तो एक चमचा चाखून "योग्य आहे" म्हणायचा, आणि दोन्ही आचारी त्याच्याकडे असे बघायचे, जणू त्यानं त्यांच्या पोरीला नापसंत केलंय.

राहता राहिला परेडचा कोट. तो खजिनदाराच्या अंगावर चढला, पण बटणं आणि काजं यांची गाठभेट होईना. फेऱ्या मारून थोडं अंतर मिटलं, सगळं नाही. आई म्हणाली, "आण इकडं." प्रबोधिनीच्या शिंप्याकडून तिनं मशीन मागून घेतलं, कोट उसवला, आतल्या दुमडीचं कापड बाहेर काढलं आणि असा शिवला की शिंपीसुद्धा टाचा जुळवून उभा राहिला. परेड तोंडावर, शिंप्यापुढं कोटांचा ढीग. "बाई, थोडे दिवस मदत कराल का? मजुरी देईन," तो म्हणाला. आई राहिली. कुणाची बाही, कुणाची कॉलर, तोफेच्या कोटाचीसुद्धा कंबर तिनं सैल केली. "साहेब, तुम्हीही चव घेता का?" असं तिनं विचारल्याचं शिंपी सांगतो.

त्या मजुरीतून तिनं गेस्ट हाउसची खोली घेतली. मैदानाकडे खिडकी असलेली!

परेड झाली. बँड वाजला, पावलं एका ठेक्यात पडली. खजिनदार अधिकारी झाला आणि धावत आईकडे आला.

"आई! कसा दिसलो?"

"माझं लक्षच नव्हतं रे. तिसऱ्या बटणाकडं बघत होते. सलाम ठोकलास तेव्हा जीव मुठीत धरला होता मी." तिनं बटणावरून हात फिरवला. "धरली बाई शिवण!"

त्यानं मान खाली घालून खिशातून पाकीट काढलं. सगळ्या कपाती जाऊन उरलेला पगार. पातळ पाकीट, फुंकर मारली असती तर उडालं असतं.

"एवढाच उरलाय. तुला आणणार होतो मी माझ्या पैशानं..."

आईनं ते घेतलं आणि सरळ पर्समध्ये टाकलं. "कोट मोठा करायची मजुरी. सगळ्यांकडून घेतली, तुझीच राहिली होती." मग त्याचा पडलेला चेहरा पाहून हसली. "आता झालं की नाही तुझ्या पैशानं? चल, भूक लागली मला."

नवा अधिकारी पुन्हा ताठ झाला. आईचा हात धरून रुबाबात खालच्या मेसच्या दारात आला. "माझी आई!" त्यानं दारावरच्या कारकुनाला ऐकवलं. "आज माझी पाहुणी!"

कारकुनानं उठून सलाम केला, यादीवर बोट फिरवलं, आणि हळूच खाकरला.

"पाहुण्यांचं कूपन घ्यावं लागेल, साहेब. आणि... तुमची मेस अजून बंदच आहे."

खजिनदारानं खिसे चाचपले. दोन सुटी बटणं लागली.

आईनं पर्स उघडली. "दोन द्या," ती म्हणाली. "आणि याला एकदाच वाढायला सांगा."