तीन नळांची तीट

मी कृष्णराव इंगळे, राहणार देवास. नजर तीक्ष्ण, बुद्धी त्याहून तीक्ष्ण आणि मिशीची टोकं सगळ्यांत तीक्ष्ण. बागलीपासून सरदारपूरपर्यंतचे यच्चयावत गुन्हेगार मला वचकून असतात. पुरावा हवा? या टापूत आजवर एकही गुन्हा माझ्या हाती लागलेला नाही. नोकरीत असताना मी कारखान्याच्या गेटवर कामगारांचे डबे तपासत असे. एकदा एका डब्यातून मी चोरीचा स्क्रू काढून दाखवला. तो डब्याच्या कडीचाच निघाला आणि त्या माणसाची डाळ सांडली, हा भाग वेगळा. गेटवर शिस्त मात्र बसली.

नळांचं प्रकरण माझ्याकडे कोणी आणलं नाही. मोठे गुप्तहेर बोलावण्याची वाट पाहत नाहीत.

घराचा वरचा मजला बांधून होत आला होता आणि आमच्या हिने, म्हणजे अलकाने, नळ निवडायचं काम सूनबाईंवर सोपवलं. उर्वशी धारची. लग्न होऊन आली, पण या घरात तिच्या पसंतीची म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. पडदे हिचे, भांडी हिची, टीव्हीचा रिमोट माझा. तेव्हा नळांची निवड ही तिच्यासाठी साधी गोष्ट नव्हती, एवढं मलाही कळत होतं. पण तिने निवडला काय, तर राखाडी, बिनचमकीचा, स्टीलचा एक मुखदुर्बळ नळ.

"सोनेरी घ्या," मी म्हणालो. "आमचे पणजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांच्या दरबारात होते."

"पिकदाण्या घासायला होते," ही म्हणाली.

"पण दरबारात!"

त्यात मुलगा शंतनू पीथमपूरहून फोनवर म्हणाला की आजकाल काळे नळ चालतात. दुकानदार भूपेंद्रने हात जोडले. "काकासाहब, झगड़ा मत करो. तीनों ले जाओ, लगा के देखो. संडे को आता हूँ ऑर्डर लेने."

मागच्या अंगणात टाकीच्या पाइपाला तिन्ही नळ शेजारीशेजारी बसले. हिने नियम घातला, "कोणीही पुसायचं नाही. आपलं बोअरचं पाणी सुकलं की पांढरे डाग पडतात. वरचे नळ रोज घासत कोण बसणार? न पुसता जो बरा दिसेल, तो घ्यायचा."

आठवड्याच्या मध्यावर काळा नळ पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसू लागला. सोनेरीवर थोडे ठिपके आले, पण राजघराण्यातल्या माणसालाही घाम येतोच. आणि राखाडी? राखाडीवर एक डाग नाही! इथे सामान्य माणूस म्हणाला असता, नळ चांगला आहे. पण सामान्य माणसाने कधी डबे तपासलेले नसतात. मी ताडलं, हा नळ कोणीतरी चोरून पुसतंय.

पहिला संशय शेजारच्या उमाशंकरजींवर. हे गृहस्थ खांद्यावर नॅपकिन टाकून फिरतात. नॅपकिन कशाला? मी त्यांना कुंपणाशी गाठून थेट विचारलं.

"अरे भिया," ते म्हणाले, "म्हारे घर का नल महीनेभर से टपक रिया है, थारे घर का पोंछने आऊँगा?"

बाजू भक्कम होती. दुसरा संशय भूपेंद्रवर. त्याने नळाला काहीतरी फासून दिलं असणार. रासायनिक चाचणी म्हणून मी राखाडी नळ चाटून पाहिला. चव बोअरचीच होती. हिने ते खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

मग उरलं कोण? हा नळ जिंकल्याने कोणाचा फायदा होणार होता? उर्वशीचा! मी शनिवारी संध्याकाळी सापळा लावला. हिच्या डबीतलं काजळ घेतलं आणि तिन्ही नळांच्या पोटाशी, तान्ह्या बाळाला लावतात तशी एकेक तीट लावली. जो पुसेल, तो तीटही पुसेल. असा सापळा सुचायला रक्तातच काहीतरी असावं लागतं.

रविवारी सकाळी भूपेंद्र आला. अंगणात चहा झाला. उर्वशी बशीत शेव वाढत होती. मी मिशी सारखी करून उभा राहिलो.

"सूनबाई, राखाडी नळ तू रोज चोरून पुसतेस."

तिच्या हातातली बशी तशीच राहिली. "बाबा, मी हात पण नाही लावला. सच्ची." मग आवाज बारीक झाला. "एक चीज पसंत केली मी या घरात. ती पण तुम्ही चोरीची करून टाकली."

तिचे डोळे भरले. मला आत कुठेतरी टोचलं, खोटं कशाला बोलू. पण पुरावा तयार होता. मी भिंग काढलं, सापळा सगळ्यांना समजावून सांगितला आणि राखाडी नळाखाली वाकलो.

तीट जागच्या जागी होती.

काळ्या नळाखाली वाकलो. काळ्यावर काळी तीट दिसत नाही, हा मुद्दा आधी लक्षात यायला हवा होता. मग सोनेरी पाहिला. तीट नाही! पार पुसलेली!

"म्हणजे कोणीतरी सोनेरी नळ पुसतंय!" मी ओरडलो. "हे प्रकरण वाटलं त्याहून खोल आहे. शंतनू पीथमपूरहून पहाटे येऊन..."

"अहो," ही म्हणाली, "तुमच्या पंच्याला काजळ कशानं लागलं?"

मी खांद्यावरचा पंचा पाहिला. त्यावर काळा फराटा होता. गुन्हेगाराने काजळ माझ्या पंच्याला पुसून मला अडकवलं, असा एक तर्क मला सुचला, पण बोलायला वेळ मिळाला नाही.

"आई, मी सांगू?" उर्वशी डोळे पुसत म्हणाली. "बाबा रोज सकाळी दात घासले की सोनेरी नळावर हाऽऽ करून वाफ सोडतात, पंच्यानं गोल गोल पुसतात, आणि मिशी बघतात. बाकीच्या दोघांत चेहरा नाही न दिसत."

भूपेंद्रचा चहा नाकातून आला.

"तुला ठाऊक होतं?" हिने विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"बाबांना कसं बोलणार? ते इतकं मन लावून बघतात."

ही उठली, तिन्ही नळांवरून नजर फिरवून म्हणाली, "म्हणजे रोज पुसूनही सोनेरीवर ठिपके, आणि कोणी हात न लावता हा स्वच्छ. डाग याच्यावरही पडतात हो. राखाडीत दिसत नाहीत, एवढंच. चोरही नाही आणि चोरीही नाही."

माझ्या मिशीची टोकं खाली आली. आयुष्यभर लोकांचे डबे उघडले, आज माझाच डबा भर अंगणात उघडला गेला होता, आणि उघडणारीने तो इतके दिवस झाकून ठेवला होता. मला फार वाईट वाटलं.

"सूनबाई, चुकलो," मी म्हणालो. "भूपेंद्र, वर सगळीकडे सूनबाईंच्या पसंतीचे नळ. सोनेरी परत घेऊन जा."

"इस्तेमाल किया हुआ है काकासाहब," तो म्हणाला, "पर आपके लिए ले लूँगा."

आता वरच्या मजल्यावर राखाडी नळ आहेत. येणारा-जाणारा विचारतो, रोज घासता का? उर्वशी पदर सावरून सांगते, हातसुद्धा लावत नाही.

खाली अंगणात जिथे सोनेरी नळ होता, तिथे तिने एक छोटा आरसा लावून घेतला, बरोबर माझ्या मिशीच्या उंचीवर. "बाबा, आता नळाला त्रास नका देऊ," एवढंच म्हणाली.

त्या आरशावर तेच बोअरचं पाणी उडतं. तरी सकाळी मी दात घासायला जातो, तेव्हा त्यावर एक डाग नसतो. मी तो पुसत नाही. ही सकाळी अंगणात फिरकत नाही. हे प्रकरण मी हाती घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.