कूमच्या बंपरची वरात

बंद पडलेली गाडी ओढून न्यावी तर रादोयेनंच! हे मी नाही, अख्खं गाव म्हणतं. म्हणजे, म्हणायचं. सैन्यात मी ट्रक ओढलेत, चिखलातले ट्रॅक्टर ओढलेत, एकदा तर थ्रेशर ओढलंय. त्यामुळे माझी भाची दुन्या हिच्या लग्नाला निघालेली कूमची गाडी डोंगराच्या वळणावर फुस्स करून बसली, तेव्हा खरं सांगतो, मला आनंद झाला!

आता आमच्याकडे कूम म्हणजे साधासुधा पाहुणा नव्हे. तो नवरा-नवरीचा साक्षीदार. तो रुसला की पाद्रीबाबा पोथीसुद्धा उघडत नाहीत. आणि आमचे कूम वुकोमान रुसण्यात पटाईत. नवी कोरी गाडी त्यांनी याच लग्नासाठी घेतली होती आणि नवरी तिच्यातच बसणार, असं बजावून ठेवलं होतं.

"दुसऱ्या गाडीत बसवू तिला," माझी बायको देसांका म्हणाली.

"माझ्या गाडीतून नवरी उतरली, तर मीही उतरलो!" कूम गरजले. "रस्त्यातूनच घरी जाईन!"

दुन्या रडकुंडीला आली. "मामा, काहीतरी करा ना! आपल्यानंतर चर्चमध्ये दुसरं लग्न आहे!"

झालं! मामाच्या अंगात बारा हत्ती संचारले.

"कूम, गाडी न्यूट्रलला टाका. हँडब्रेक सोडा. किल्ली फिरवून ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असलं की ब्रेक जड लागतो, जोर लावून दाबा. आणि काही गडबड झाली की सरळ हॉर्न वाजवा, मी जागच्या जागी थांबतो!"

"पण दोर बांधणार कशाला?" कूम म्हणाले. "ओढायचा हूक डिकीत आहे. राकियाच्या पेट्यांखाली."

राकियाच्या पेट्या! त्या उतरवायच्या म्हणजे वऱ्हाड एकेक बाटली चाखणार आणि चर्चला पोचणार दुसऱ्या दिवशी.

"हूक राहू द्या हो! हा बंपर बघा, दगड आहे दगड!" मी बंपरवर थाप मारली. आतून डब्यासारखा आवाज आला. पण ऐकायला वेळ कुणाला होता?

दोराचं एक टोक त्या बंपरला बांधलं, दुसरं माझ्या गाडीला, आणि निघालो. दोराचा ढिलेपणा हलकेच काढला, झटका दिला नाही, अगदी पाळण्यातल्या बाळाला जोजवावं तसं. माझ्या आरशांना लग्नाचे शुभ्र टॉवेल बांधलेले, मागच्या सीटवर देसांकाच्या केकच्या खोक्यांची छतापर्यंत चळत. मागचं काही दिसत नव्हतं. पण बघायचंय कशाला? कसब हातात असतं!

वळण घेतलं आणि मागून हॉर्न वाजला. पों!

"अहो, थांबा! कूम हॉर्न वाजवतायत!"

"अगं, वरात आहे! वरातीत हॉर्न नाही वाजवणार तर काय मांजर वाजवणार?"

आणि मीही वाजवला. पों पों! लगेच मागून पोंऽऽऽ! मग तर अख्ख्या वऱ्हाडाचे हॉर्न सुरू झाले. मला भरूनच आलं. केवढा उत्साह!

"अहो, हा आनंदाचा हॉर्न नाही. हा बोंबलणारा हॉर्न आहे."

"तुला काय कळतं हॉर्नमधलं?"

तेवढ्यात गाडी एकदम हलकी झाली. "बघितलंस? उतार लागला! आता कशी लोण्यासारखी चाललीये! याला म्हणतात ओढणं!"

"मागे काहीतरी खरडतंय."

"पोरांनी डबे बांधले असतील. लग्नात बांधतात."

हॉर्न हळूहळू मागे पडले. मी म्हटलं, दमले बिचारे.

चर्चच्या अंगणात मी झोकात गाडी थांबवली. म्हाताऱ्या बायका गहू उधळायला मुठी भरून उभ्या. पाद्रीबाबा घड्याळ बघत दारात. मी उतरलो, कोट खाली ओढला आणि हात पसरून म्हणालो, "आणली नवरी!"

बायकांनी गहू उधळले. बंपरवर.

दोराच्या टोकाला फक्त तो होता. फुलांसकट, नंबराच्या पाटीसकट. मागे रस्ता रिकामा.

"रादोये," पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले, "बाकीची गाडी कुठंय?"

दुन्याचं लग्न मी माझ्या हातांनी बुडवलं होतं!

पाद्रीबाबा पोथी मिटायच्या बेतात होते, तेवढ्यात वऱ्हाड आलं. पुढे बँडवाल्यांची व्हॅन, तिच्यामागे कूमची बोडकी गाडी, रीतसर हुकाला बांधलेली. दुन्या आत. हुश्श!

पण कूम उतरले आणि चर्चच्या पायरीवर थांबले. चेहरा टोमॅटोसारखा.

"इतका हॉर्न वाजवला मी! आणि हा गाढव मला उलट हॉर्न देतो!"

"कूम, चुकलो! पाया पडतो, आत चला!" दुन्या नवऱ्याचा हात घट्ट धरून उभी होती, तिच्याकडे मला बघवेना.

कूमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "येतो. पण एका अटीवर. हा बंपर तू उपटलास, आता लग्न संपेपर्यंत तूच धरायचा. जमिनीला टेकला की मी निघालो!"

काय करता? उचलला! अख्खं लग्न मी बंपर कवटाळून उभा. पाद्रीबाबांनी धूप फिरवला तो बंपरलाही फिरवला. घाम डोळ्यांत जात होता. पण टेकू दिला नाही. दुन्याचं लग्न वेळेत लागलं!

मग फोटो. मी बंपर खाली ठेवायला वाकलो, तर कूम ओरडले, "लग्न अजून संपलेलं नाही!"

तो फोटो दुन्याच्या बैठकीत मोठा करून लावलाय. कुणीही पाहुणा आला की ती कौतुकानं दाखवते, "आणि हे माझे मामा!"

बंपर जरा उंच धरला गेला होता. त्यात माझं तोंड दिसत नाही. नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो.