दफनभूमीपाशी लाल व्हॅन

मॅन्सी फ्लेटने आपली लाल व्हॅन जुन्या शाळेसमोर न लावता पलीकडच्या दफनभूमीच्या भिंतीआड लावली, एवढीच त्याची चूक. बाकी सगळं बेटाने केलं. (असं मॅन्सी म्हणतो. बेटाचं म्हणणं वेगळं आहे.)

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण मॅन्सी सव्वीस वर्षं धक्क्यावर होता, फेरीबोटीत गाड्या चढवायच्या कामावर. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीतल्या या बेटावर गाडी म्हणजे माणसाचा चेहरा. कुणाची गाडी कुणाच्या दारात किती वेळ उभी होती, यावरून इथे साखरपुडे, आजारपणं आणि भांडणं कळतात. ही विद्या निम्म्या बेटाला मॅन्सीनेच शिकवलेली.

चार वर्षांपूर्वी त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस निघाला. वायरीवरचं प्लॅस्टिक उंदराने कुरतडावं तसं नसांवरचं आवरण झिजतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उंदीर दिसत नाही, ठिणग्या मात्र उडतात. पाय निखाऱ्यांवर ठेवल्यासारखे जळायचे, मोज्याची शिवण करवतीसारखी लागायची, मान खाली घातली की कण्यातून वीज उतरायची. आणि दुकानात भेटेल तो म्हणायचा, "दिसतोस तर झकास!" या वाक्याला दंड ठेवावा, असं मॅन्सीचं प्रामाणिक मत होतं.

गोळ्यांबरोबर जरा हळुवार योगा करून बघ, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. दर मंगळवारी जुन्या शाळेत थोरा लिंकलेटरचा वर्ग असायचा. अडचण एकच. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या डेव्ही हार्कसने पाठदुखीसाठी दोन दिवस योगा केला होता आणि मॅन्सीने भर धक्क्यावर त्याचं नाव 'कमळ' ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं, की डेव्हीच्या मुलीच्या लग्नात नव्या व्याह्यांनीसुद्धा भाषणात त्याला कमळच म्हटलं.

तेव्हा गाडी लपवणं आलं. बायकोला, म्हणजे मेरनला, मॅन्सीने सांगितलं की बोटीला डांबर लावायला जातो. (सहा आठवडे डांबर लावावं एवढी ती बोट मोठी नव्हती.) वर्गातल्या चार बायका बोलण्याची भीती नव्हती. वर्गातलं बाहेर जाता कामा नये, असा थोराचा दंडक होता, आणि थोरा बेटावरची एकुलती एक गुरांची डॉक्टर असल्यामुळे तिचा शब्द मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी मॅन्सीला सगळ्याचाच संशय आला. खुर्चीत बसून हात वर करायचे, खाली आणायचे. "दुखेल तिथे थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं," थोरा गाईला समजावल्यासारखं सांगायची. शेवटी तर बायकांनी ध्यानाला बसायचं आणि त्याने थोराची घंटा होईपर्यंत जमिनीवर निपचित पडायचं, आणि त्याला शवासन म्हणायचं. काहीच न करण्याला व्यायाम म्हणतात, यात काहीतरी काळंबेरं असणारच, हे त्याने ताडलं. पण चौथ्या मंगळवारी पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, की दहा मिनिटं मोज्याची शिवण लागलेली नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

इकडे घरी डबे यायला लागले. आधी दुकानवालीकडून आल्याचा केक. मग कुणाच्या जवाच्या भाकऱ्या, कुणाचं चीज. पाचव्या आठवड्यापर्यंत अकरा डबे झाले. डेव्ही डॉमिनोजच्या डावात दोनदा हरला, तेही हातात चांगल्या सोंगट्या असताना. पाद्रीसाहेब चहाला आले आणि जाता जाता सहज म्हणून त्यांनी विचारलं, की चर्चमधली कोणती भजनं आवडतात. लहान लहान, मॅन्सीने सांगितलं.

एवढा चांगुलपणा बेटावर उगाच कुणी दाखवत नाही. मॅन्सीने डोळे उघडे ठेवले. तो खोलीत आला की मेरन फोनवर आवाज खाली करायची. एकदा ती टेप घेऊन जिना मोजताना सापडली. स्वयंपाकघरात मोठ्या बेटावरच्या कर्कवॉल शहरातल्या वृद्धांच्या बैठ्या घरांचं पत्रक मिळालं, 'हॉस्पिटलपासून दोन मिनिटं'. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर त्याने बायकोचं कपाट पहिल्यांदा तपासलं, तर त्यात त्याचाच काळा सूट इस्त्री करून टांगलेला. बेट सोडतानाच्या निरोपसमारंभाचा, दुसरं काय? म्हणजे ही घर विकणार. रोज सकाळी ज्या खिडकीतून धक्का दिसतो ती खिडकी जाणार, आणि उरलेला जन्म हॉस्पिटलच्या पार्किंगकडे बघत काढायचा. बेटाला सगळं ठाऊक होतं, फक्त त्यालाच नाही.

सहाव्या मंगळवारी मेरनचा धीर सुटला. डेव्हीला घेऊन ती दफनभूमीवर आली. व्हॅन रिकामी. दोघांनी थडग्याथडग्यांमधून शोधलं. मग शाळेत उजेड दिसला म्हणून मेरनने दार ढकललं. जमिनीवर मॅन्सी सरळ पडलेला, अंगावर घोंगडी, डोळ्यांवर फडकं, शेजारी मेणबत्ती आणि भोवती चार बायका माना खाली घालून बसलेल्या.

डेव्हीने टोपी काढली. "मॅन्सी," तो म्हणाला, "मला जन्मभर कमळ म्हण रे, पण ऊठ."

"घंटा झाल्याशिवाय उठायचं नाही," फडक्याखालून मॅन्सी म्हणाला.

मेरन आधी मिळेल त्या खुर्चीत बसली. राग नंतर आला.

"दर मंगळवारी दफनभूमीत काय करत होतास?"

"व्हॅन लावत होतो."

"सगळं बेट म्हणतंय तू स्वतःच्या थडग्यासाठी जागा बघतोयस. मला वाटलं डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्यात, आणि ते तू माझ्यापासून लपवतोयस."

"आणि तू घर विकायचं लपवतेयस. जिना मोजत होतीस. ते पत्रक..."

"त्या पत्रकावर मी बटाटे सोलते. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवायचाय, तो डेव्ही करतोय. घर सोडायचं असतं तर तुला आधी सांगितलं असतं, गाढवा. खोकी कुणी उचलली असती?"

मॅन्सी उठून बसला. त्याला थोडा वेळ लागला. मग खाली बघत म्हणाला, "इथे पाय जळत नाहीत, मेरन. दहा मिनिटं."

मेरनने त्याच्या पायांवरची घोंगडी सारखी केली. "हे पहिल्याच मंगळवारी सांगता आलं नसतं?"

"डेव्हीला कळलं असतं."

डेव्ही दारातच उभा होता. नऊ वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. त्याने नाक पुसलं आणि तो म्हणाला, "गुडघ्याखाली उशी घे. कमरेला बरं पडतं." (तो अजून करतो, गोठ्यामागे, हे तेव्हा उघडकीला आलं.) मी योगाला येतो हे कुणाला सांगू नकोस, म्हणून मॅन्सीने त्याचा हात धरला. डेव्हीने शब्द दिला.

राहिले अकरा डबे. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा बेटाचा कायदा. "मरणाऱ्यासाठी आलेलं खाऊन बसलायस," मेरन म्हणाली, "आता तूच भर." मॅन्सीने खुर्चीत बसून, लांब श्वास घेत आठवडाभर केक भाजले. बोटांना गरमगार कळेना म्हणून तीन करपले, ते डेव्हीच्या डब्यात गेले. शनिवारी त्याने स्वतः व्हॅन काढली आणि अकराही घरी जाऊन डबे पोचवले. दारं उघडणाऱ्यांनी त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

डेव्हीने शब्द पाळला होता. तोच त्याचा सूड होता, हे मॅन्सीला सोमवारी सकाळी कळलं. दारात चौदा नवे डबे होते, आणि सगळ्यांत वरच्या डब्यावर पाद्रीसाहेबांची चिठ्ठी: मॅन्सी स्वतः घरोघरी जाऊन सर्वांचा निरोप घेऊन आल्याचं कळलं. लहान भजनं निवडून ठेवली आहेत.