दीर्घिकेचा समोरून काढलेला फोटो

नोंद झाल्याशिवाय विश्वातली कोणतीही वस्तू खऱ्या अर्थाने अस्तित्वात येत नाही. (निदान आमच्या दीर्घिका नोंदणी कार्यालयाचं तसं मत होतं. मी तिथे ग्रंथपाल होतो. स्वतःचं मत असण्याइतका माझा हुद्दा मोठा नव्हता.)

दुर्बिणीवाल्या बाईंनी अकरा वर्षं खपून एका सर्पिल दीर्घिकेची माहिती जमवली होती. अंतर पाच कोटी प्रकाशवर्षं, व्यास एक लाख. हात दोन, पैकी एक जरा विस्कटलेला. मधोमध पिवळट म्हातारे तारे, हातांमध्ये निळे तरुण. (आमच्याकडेही बसायची व्यवस्था अशीच होती, फक्त तरुण नव्हते.) महिनाअखेरपर्यंत नोंद झाली नाही, तर बाईंची दुर्बीण हवामान खात्याकडे जाणार होती, ढग बघायला.

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी अर्ज अतिशय आपुलकीने फेटाळला. दीर्घिकेचा प्रकाश पाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला. सहा महिन्यांवरचा पुरावा चालत नाही. ती सेकंदाला अकराशे किलोमीटर दूर पळते. मग कायमचा पत्ता खोटा. शिवाय ती साठ अंश कललेली. फोटो समोरूनच हवा.

“हिला समोर बघायला सांगा,” भाऊसाहेब म्हणाले.

“सांगते. निरोप पोचायला पाच कोटी वर्षं लागतील.”

“हरकत नाही. तोवर मी जेवून येतो.”

“आणि वळलेली दिसायला आणखी पाच कोटी.”

“मग चहाही घेतो.”

बाईंनी डबा संपेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच विचारलं, “भाऊसाहेब, हे नियम सगळ्यांना आहेत ना?”

भाऊसाहेबांच्या निःपक्षपातीपणावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी ताडकन रजिस्टर काढून पहिलं पान उघडलं. क्रमांक एक : आपली स्वतःची दीर्घिका. व्यास ‘अंदाजे’. हात चार, खोडून दोन, खोडून पुन्हा चार. फोटोच्या चौकटीत पेन्सिलीने ‘नंतर जोडतो’. (तिच्या बाहेर जाऊन फोटो काढायला आजवर कोणालाच सवड झालेली नाही.)

भाऊसाहेबांनी चष्मा पुसून पान पुन्हा वाचलं. पण नियम तो नियम. त्यांनी लाल शाईने आपल्या दीर्घिकेची नोंद रद्द केली. रिकामी जागा त्याच दिवशी भरावी लागते आणि तशा वेळी अटी शिथिल होतात. अर्ज एकच होता. बाईंची दीर्घिका क्रमांक एकवर लागली आणि दुर्बीण वाचली.

तेव्हा वाचकहो, त्या दुपारपासून आपण अधिकृतपणे कुठेच राहत नाही. मला तर आयुष्यभर तसंच वाटत आलं आहे. तुम्हाला सवय व्हायला थोडे दिवस जातील.