शून्य धुळीचा डक्ट

पोलाद फार शिस्तीचे असते. कागदावर जेवढे वजन लिहून द्यावे तेवढेच पेलायला ते बांधील असते.

गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात प्रफुल डिझाइन खात्यात होता, अजून कायम न झालेला. भट्टीची गरम हवा नेणारा डक्ट, म्हणजे बैलगाडी आतून जाईल एवढा लोखंडी बोगदा, उभारायचा होता. पत्रा किती जाड हवा, हे प्रफुलने ठरवायचे. त्याने हिशेब मांडला: पत्र्याचे स्वतःचे वजन, वारा, आतल्या हवेची ओढ आणि तळाशी साचणारी धूळ. पत्रा चांगला जाड निघाला, शिवाय बाहेरून आधाराच्या पट्ट्या.

साहेबांनी धुळीवर बोट ठेवले. "आपल्या कारखान्यात धूळ नाही."

हे खरेच होते. दरवर्षी तसे वर लेखी कळवले जाते. (आसपासची झाडे राखाडी आहेत, पण ती जातच तशी असावी.) वर कळवायची धूळ नाही आणि डक्टमधली आहे, हे शोभत नाही. म्हणून धुळीचे वजन शून्य धरले. सुरक्षिततेत तडजोड नको म्हणून ते तिप्पट केले. पत्रा पातळ झाला, पट्ट्या गेल्या, आणि प्रफुलने सही ठोकली.

डक्टची सावली थेट फाटकापर्यंत आली. तिथे प्रफुलच्या आईने, अंजनाबाईने, चहाची टपरी सरकवली. चंद्रपूरच्या उन्हात सावली कोण सोडतो?

मग आत नसलेली धूळ साचू लागली. डक्टचे पोट खाली आले. साहेबांनी पाहणी करून सावली वाढल्याची नोंद घेतली. प्रफुलला मात्र भाकर गोड लागेना.

"आई, टपरी चिंचेखाली ने."

"काऊन?"

"वरून पडन-बिडन काही."

"काय पडन? धूळ नाई म्हून तूच तं सही केली ना?"

प्रफुलला लाज वाटली. त्याने ताट बाजूला सारले. अंजनाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि सकाळी टपरी चिंचेखाली गेली. त्याच सुमारास साहेबांचीही गाडी उन्हात उभी राहू लागली. (रंगाला ऊन मानवते.)

सही जागच्या जागी आहे. प्रफुल कायम झाला. टपरीच्या रिकाम्या जागेत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बाक टाकले आहेत. सावली दाट आहे, वाराही लागतो. तुमचे कोणी डिझाइन खात्यात नसेल, तर तुम्हाला उठा म्हणणार तरी कोण? निवांत बसा.