पदराआडचा चमचा

रोहिणीनं ठरवलं होतं ते एवढंच, की सत्यमला एक चमचा वरण चाटवायचं आणि विसरून जायचं. एक चमचा वरण म्हणजे काही दरोडा नव्हे.

पण उमापूरच्या त्या घरात तो दरोडाच होता. सत्यमला सहा महिने भरले तशा अंगणवाडीच्या मोहिनीताई घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "आता वरचं सुरू करा. वरणभात चांगला मऊ कुस्करायचा. पण आधी अंगावर पाजायचं, मग चमचा. दूध तोडायचं नाही बरं का." रोहिणीनं मान हलवली. (ऐकलं निम्मंच. उरलेलं निम्मं लक्ष दारात उभ्या सासूकडं होतं. सातवीपर्यंत शाळेतही तिचं असंच चालायचं; अर्धं लक्ष फळ्याकडं, अर्धं बाईंच्या छडीकडं.)

मोहिनीताईंची पाठ वळली आणि सासूनं, म्हणजे चंद्रभागाबाईंनी, निकाल दिला. "मामानं उष्टावण केल्याबिगर माझ्या नातवाच्या तोंडात शीत जायचं न्हाई."

आता मामा, म्हणजे रोहिणीचा भाऊ तानाजी, गेलेला ऊसतोडीला, पार कर्नाटकात. कारखाना बंद झाल्याशिवाय तो येणार नव्हता. तोवर सत्यमला दाढीमिशा फुटतील, असं रोहिणीला वाटायला लागलं. शेवटी तिनंच अक्कल लढवली. भिंतीकडं तोंड करून बसायचं, पोराला मांडीवर घ्यायचं, अंगावरून पदर ओढायचा. बघणाऱ्याला वाटावं बाई पाजतेय. आणि आत पदराच्या अंधारात वाटी आणि चमचा!

पहिल्या दिवशी एक चमचा. पोरानं मिटक्या मारल्या. मग दोन. मग वाटी. चंद्रभागाबाई येता-जाता म्हणायच्या, "पाज, पाज. लेकरू कसं गप पितंय बघ." रोहिणी पदराआडून "हूं" करायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

आणि मग एके दिवशी सत्यमनं दूध घेणंच बंद केलं.

म्हणजे पदराखाली घेतलं की तोंड हे एवढं उघडायचा, विहिरीसारखं. पण प्यायला लावलं की मान फिरवायचा आणि पुन्हा वर बघत तोंड उघडून वाट बघायचा. मग रडायचा. रोहिणी हिशोब मांडायला लागली. दूध आटलं? आटावं कसं? पोराचं पोट दुसरीकडं कुठंतरी भरत असणार. कुणीतरी चोरून भरवत असणार.

(स्वतः रोज भरवत होती, ते तिच्या हिशोबात नव्हतं. आपण भरवतो ती काळजी. दुसऱ्यानं भरवलं की ती चोरी.)

घरात माणसं तीन. त्यातला नवरा रविराज जीप चालवायचा, दुपारी जेवायला यायचा आणि आल्या आल्या डोक्यावरून टॉवेल ओढून ताटावर वाकायचा. ही त्याची जुनी सवय. "माश्या बसत्यात," म्हणायचा. (मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एकदा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं त्याला वाफारा घेतोय समजून अमृतांजन दिलं होतं.) टॉवेलखाली असला की त्याला जगाची शुद्ध नसायची. तो पोराला काय भरवणार? मग उरलं कोण?

रोहिणीनं पाळत सुरू केली. सासूच्या मांडीवरून पोर परत आलं की आधी त्याचं तोंड हुंगायची. वास यायचा वरणाचा! सापडली चोरी! पण मग डोक्यात यायचं, हा वरणाचा वास सासूच्या चमच्यातला, का आपल्याच? चोरानं दुसऱ्या चोराचा माग काढायचा म्हणजे अशी पंचाईत होते.

त्यात एकदा तिनं दाराच्या फटीतून बघितलं, तर चंद्रभागाबाई स्वतःच पोराचं तोंड हुंगत होत्या. इकडंतिकडं बघून, अगदी सावकाश. रोहिणीची खात्रीच पटली. पुरावा राहिला का ते तपासतेय म्हातारी!

दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना तिनं झोळीभोवती ज्वारीचं पीठ भुरभुरलं. परत येऊन बघते तर पायच पाय.

"आत्या, झोळीपाशी गेलता का तुमी?"

"पोरगं रडलं, मग जाऊ नको? का बोंबलू देऊ?" चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आन् हे पीठ कावून सांडलंस गं?"

"मुंग्यांसाठी."

"मुंग्यांना ज्वारीच्या पिठाची रांगोळी? तुझ्या माहेरी लई लाड दिसतेत मुंग्यांचे."

रोहिणीनं खराटा घेतला.

त्याच संध्याकाळी सासूनं बॉम्ब टाकला. "लेकरू अंगावर पीत न्हाई. मी काय आंधळी न्हाई. उद्यापून शेजारच्या मंजुळाबाईकडून म्हशीचं दूध आणायचं आन् बाटली लावायची."

बाटली! बाटली लागली की पोर अंगावरून कायमचं सुटलं. रोहिणीला हुंदकाच फुटला. "आत्या, बाटली नको. आपण उष्टावणच करू. तानाजीला मोबाईलवर घेऊ, व्हिडीओ कॉल."

चंद्रभागाबाईंनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "मामाचा हात नको का लागायला?"

"तो तिकडून हात दाखवील की!"

झालं. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी तांदळाची खीर शिजली. पाटावर सत्यम, समोर डब्याला टेकवलेला मोबाईल, आणि मोबाईलमध्ये उसाच्या फडात उभा तानाजी. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात हवेतला चमचा.

"दिसतोय का हात? हां, घ्या भाचेबुवा!"

चंद्रभागाबाईंनी मामाच्या वतीनं खिरीचा चमचा पुढं केला. सत्यमनं ओठ घट्ट मिटले. चमचा डावीकडं, तोंड उजवीकडं. चमचा उजवीकडं, तोंड डावीकडं.

"चिऊचा घास! काऊचा घास!" तिकडून तानाजी ओरडत होता. त्याच्या मागं फडातली माणसंही कोयते थांबवून ओरडायला लागली. सत्यमनं भोकाड पसरलं.

रोहिणीनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. सवयीनं तिचा हात वर गेला आणि पदर पोराच्या डोक्यावर पडला.

रडं थांबलं. पदराच्या कडेतून दिसलं, सत्यमचं तोंड उघडलेलं. हे एवढं. विहिरीसारखं.

"ताई!" तानाजी ओरडला. "उघडलं की त्यानं! कापडाखाली उघडलं!"

चंद्रभागाबाईंनी चमचा पदराखाली सरकवला. आतून मचमच आवाज आला. दुसरा सरकवला. तिसरा. वाटी रिकामी झाली.

रोहिणीची मान खाली. आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. पदर म्हणजे चमचा, हे पोराला तिनंच शिकवलं होतं. मग पदराखाली दूध दिसल्यावर ते रुसणार नाही तर काय?

तानाजीनं "झालं ना? मुकादम बोलावतोय" म्हणून फोन ठेवला.

"मला पहिल्याच दिशी कळलतं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तोंडाला वरणाचा वास! म्हनलं, म्हशीचं नाव काढलं म्हंजी तरी बोलशील."

"आत्या, तुमीच म्हनला होता, मामाबिगर..."

"मंग? रीत हायच. माझी सासू बी लई कडक. मी बी पदराखालीच भरवलं. पर आंदी पाजायचं, मंग चमचा! मोहिनी ताडताड सांगून गेली, तुझे कान कुठं गेलते? आता दूध पदरात आन् चमचा उघड्यावर. चार दिस रडंल, येईल वळणावर."

सासूवर घेतलेला सगळा संशय आठवून रोहिणीला लाजही वाटली आणि हसूही आलं. सत्यमला तिनं पदरात घेतलं, या वेळी नुसतंच. तो थोडा वेळ चमच्याची वाट बघत राहिला, कुरकुरला, आणि शेवटी नाइलाजानं प्यायला लागला.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. रविराज आला, हातपाय धुतले, ताटावर बसला आणि सवयीनं डोक्यावरून टॉवेल ओढला.

रोहिणीनं टॉवेलकडं बघितलं. मग सासूकडं.

चंद्रभागाबाईंनी नजर चुकवली. "त्याला बाहेर काढायचं तेवढं माझ्याकडून राहून गेलं बग," त्या हळूच म्हणाल्या. "आता तूच बग, जमतंय का."

"भाकर!" टॉवेलच्या आतून आवाज आला.

एका हातानं पदर सावरत रोहिणीनं दुसऱ्या हातानं भाकर मोडली, आणि टॉवेलखाली सरकवली.